चढ-उतारावर नेम धरण्यासाठी लेझर रेंजफाइंडर : बेळगाव-खानापूर-निपाणी भागातून नेहमी येणारे प्रश्न

पावसाळा सरला, भातकापणी झाली, की सीमाभागातल्या तिरंदाजी करणाऱ्या आणि एअर रायफल चालवणाऱ्या मंडळींचे प्रश्न सुरू होतात. सपाट मैदान इथं थोडं. खानापूरपासून जांबोटी-कणकुंबीकडे निघालं की प्रत्येक मोकळ्या जागेला एक बाजू चढाची आणि एक उताराची. त्यामुळे बहुतेक प्रश्न यंत्राच्या किमतीचे नसून चढाचेच असतात. वारंवार आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेंजफाइंडर नेमकं काय करतो?

बटण दाबलं की डोळ्याला न दिसणाऱ्या लेझरचे बारीक ठोके निघतात, समोरच्या वस्तूवर आपटतात आणि परत येतात. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. प्रकाशाचा वेग सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर. त्यामुळे अंतरात १ मीटरचा फरक म्हणजे जाण्यायेण्यात साधारण ६.७ नॅनोसेकंदांचा (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) फरक. एवढा बारीक वेळ मोजायचा म्हटल्यावर एकाच ठोक्यावर भागत नाही. यंत्र अनेक ठोके पाठवून त्यांचा मेळ घालतं. म्हणून हात स्थिर ठेवून बटण क्षणभर दाबून धरावं.

२. यंत्रानं ४० मीटर दाखवलं, मी ४० चा नेम धरला, तरी चढावर बाण वरून का गेला?

यंत्रानं दाखवले ते ४० मीटर तिरके आहेत, तुमच्या डोळ्यापासून निशाणापर्यंतच्या रेषेवरचे. बाण किती खाली येईल हे मात्र आडव्या अंतरावर ठरतं, कारण गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढतं, रेषेला काटकोनात नाही.

जमिनीची मोजणी पाहिली असेल तर हे चटकन समजेल. जुने मोजणीदार उताराच्या शेतात साखळी जमिनीवर टाकून ओढत नसत. ती ताणून आडवी धरत आणि पायरीपायरीनं खाली उतरत. सातबारा उताऱ्यावरचे गुंठे आडव्या मापाचे असतात, डोंगराच्या कातडीचे नव्हेत. बाणाचंही तसंच.

हिशेब सोपा आहे. तिरक्या अंतराला कोनाच्या कोसाइननं गुणायचं. ४० मीटर तिरके आणि ३० अंशांचा चढ असेल तर ४० × ०.८६६ म्हणजे ३४.६ मीटर. नेम ३४.६ चा धरायचा.

३. चढावर जास्त जोर लागतो आणि उतारावर कमी, मग चढाला अंतर वाढवायला नको का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि यातली चूक सगळ्यात महागात पडते. चढ असो की उतार, दोन्हीकडे नेम कमी अंतराचा धरायचा. आडवं अंतर हे तिरक्यापेक्षा नेहमी कमीच असतं, तुम्ही वर बघताय की खाली याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

चढावर बाणाचा वेग थोडा जास्त घटतो आणि उतारावर थोडा कमी, हे खरं आहे. पण आपल्या सरावाच्या अंतरांवर तो फरक इतका बारीक असतो की आपल्या हाताच्या थरथरीत हरवून जातो. लांब पल्ल्याच्या रायफलला तो मोजावा लागतो. तिरंदाजाला किंवा छऱ्याच्या बंदुकीला नाही.

४. प्रत्यक्षात किती फरक पडतो? एवढ्यासाठी वेगळं यंत्र घ्यायचं का?

कोन लहान असेल तर नाही. तिरक्या अंतरातून १० अंशांवर दीड टक्का वजा होतो, १५ वर साडेतीन, २० वर ६, २५ वर ९ च्या वर, ३० वर १३ च्या वर आणि ४५ वर जवळजवळ ३० टक्के. १५ अंशांच्या आत असाल आणि २० मीटरवर मारत असाल, तर साधं यंत्र पुरेल.

आता दुसरं टोक बघा. सेकंदाला ६० मीटर वेगाचा बाण, ४० मीटर तिरकं अंतर, ३० अंशांचा कोन. सरळ ४० चा नेम धरला तर हवेचा विरोध सोडून दिला तरी बाण साधारण ३० सेंटिमीटर वर लागतो. निशाणाचा मधला पिवळा भाग धरला होता आणि बाण मागच्या पेंढ्याच्या गादीच्या वरच्या काठाला, असं होतं.

एअर रायफलचा छरा बाणापेक्षा वेगवान, म्हणून फरक कमी. ५० मीटरवर ३० अंशांच्या कोनात तो ४ सेंटिमीटरच्या आसपास येतो. पण फील्ड टार्गेटमध्ये (मोकळ्या रानात वेगवेगळ्या अंतरांवरच्या पत्र्याच्या निशाणांच्या भोकात छरा मारायचा खेळ) निशाणाचं मोठं भोकही साधारण ४ सेंटिमीटर व्यासाचंच असतं. मधोमध धरलेला छरा सरळ भोकाबाहेर, पत्र्यावर.

५. ऑनलाइन सगळीकडे गोल्फचे रेंजफाइंडर दिसतात आणि त्यात ‘स्लोप’ लिहिलेलं असतं. तोच घेतला तर?

घेऊ नका. हे मी स्वतः चुकून शिकलो आहे.

गोल्फचा ‘स्लोप’ वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. गोल्फचा चेंडू उंच कमान करून वरून खाली पडतो. भोकाभोवतीची हिरवळ चढावर असेल तर चेंडू तिथं लवकर टेकतो, म्हणून खेळाडूला लांबचा फटका लागतो. उतारावर उलट. त्यामुळे गोल्फचं यंत्र चढावर अंतर वाढवून दाखवतं आणि उतारावर कमी करून. आपल्याला दोन्हीकडे कमी हवं (प्रश्न ३).

फसगत होते ती उतारामुळे. जांबोटीच्या बाजूला आमच्या पाहुण्यांची काजूची बाग आहे. तिथं मी पहिल्यांदा असं यंत्र नेलं आणि वरच्या बांधावरून खाली मारून बघितलं. यंत्र कमी अंतर दाखवत होतं, बाण गादीत बसत होते, मी खूश. मग गादी वर नेऊन ठेवली आणि खालून मारायला उभा राहिलो. तिरकं अंतर ३६ मीटर, कोन २० च्या आसपास. धरायला हवे होते ३४. यंत्रानं दाखवले ४५. बाण पेंढ्याच्या गादीवरून गेला आणि मागच्या जांभ्याच्या दरडीत घुसला. काढला तेव्हा टोक वाकलेलं होतं आणि दांड्याला बोटभर तांबडी माती. मागे दरड होती म्हणून बरं. मोकळं रान असतं तर तो बाण कुठं गेला असता हे आजही मनात येतं.

तेव्हापासून कुणीही विचारलं की मी एवढंच सांगतो: यंत्र चढावर आणि उतारावर, दोन्ही ठिकाणी तिरक्यापेक्षा कमी आकडा देतं का, ते बघा. देत नसेल तर ते आपलं यंत्र नव्हे.

६. मग खोक्यावर काय लिहिलेलं असावं?

प्रत्येक कंपनीनं आपापलं नाव ठेवलंय. बुशनेल ‘एआरसी’ म्हणतं, लुपोल्ड ‘टीबीआर’, व्होर्टेक्स ‘एचसीडी’, सिग ‘एएमआर’ आणि निकॉनच्या काही यंत्रांवर ‘आयडी’ असतं. गोळाबेरीज एकच, कोन धरून दुरुस्त केलेलं अंतर. काही यंत्रांत धनुष्याचा आणि रायफलचा मोड वेगळा असतो. तिरंदाजानं धनुष्याचा लावावा. रायफलच्या मोडमध्ये गोळी किती खाली येईल याचे आकडे येतात आणि ते काडतुसांच्या गटांवर बेतलेले असतात, छऱ्याला लागू पडत नाहीत.

माझा आग्रह असा, की पडद्यावर तिरकं अंतर, दुरुस्त अंतर आणि कोन हे तिन्ही दिसणारं यंत्र घ्या. फक्त दुरुस्त आकडा दाखवणाऱ्या यंत्रात मोड चुकून बदलला तर कळत नाही. तिन्ही समोर असले की मनातल्या मनात पडताळा होतो.

मोबाइलला जोडून बॅलिस्टिक ॲप (गोळी किंवा बाण कसा जाईल याचा हिशेब करणारं) चालवणारी यंत्रंही मिळतात. १०० मीटरच्या आत मारणाऱ्यानं त्यावर पैसे घालू नयेत.

७. एकावर ६०० मीटर लिहिलंय, दुसऱ्यावर १०००. जास्त पल्ल्याचं चांगलं ना?

आपल्या कामाला त्या आकड्याचा उपयोग जवळजवळ नाही. तो चकचकीत, प्रकाश परत फेकणाऱ्या पाटीवर मोजलेला असतो. झाडावर, मातीवर पल्ला बराच घटतो. आपण ६० मीटरवर मारणार. त्यापेक्षा जवळचं कसं मोजतं ते विचारा (पुढचा प्रश्न).

८. जवळच्या अंतरासाठी काय पाहायचं?

तीन गोष्टी. पहिली, कमीत कमी किती अंतर मोजतं. काही यंत्रं ५ मीटरपासून मोजतात, काहींना १० लागतात. फील्ड टार्गेटची निशाणं ८ मीटरवरही असतात. दुसरी, दशांश दाखवतं का. ३४ आणि ३४.९ हे दोन्ही ‘३४’ दिसले तर बाणाला फरक पडतो.

तिसरी, मीटर की यार्ड. १ यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर. तुमच्या साइटच्या (नेम धरायच्या साधनाच्या) खुणा मीटरच्या आणि यंत्र यार्डात असेल तर ५० वर तुम्ही सव्वाचार मीटरनं चुकता. चढाचा सगळा हिशेब बरोबर करून इथं फसलेले लोक मी पाहिले आहेत. यंत्र हातात आल्यावर पहिलं काम म्हणजे एकक तपासणं. बॅटरी बदलल्यावर पुन्हा तपासा, काही यंत्रं मूळ सेटिंगवर जातात.

९. ६ पट की ८ पट? पडदा काळा की लाल?

६ पट घ्या. ८ पटीत हाताची थरथरही वाढते, आणि भिंगाचा व्यास तोच असेल तर उजेड कमी मिळतो. ६×२१ मध्ये (६ पट मोठं दिसणं, २१ मिलिमीटरचं भिंग) डोळ्यात येणारी उजेडाची तबकडी ३.५ मिलिमीटरची, ८×२१ मध्ये २.६ ची.

काळ्या आकड्यांचा पडदा भर उन्हात छान दिसतो. पण सकाळी सात वाजता आंब्याच्या सावलीतल्या निशाणावर काळे आकडे दिसत नाहीत. झाडीत सराव करणाऱ्यांनी लाल आकड्यांचा घ्यावा.

१०. कणकुंबी-चोर्ल्याकडच्या धुक्यात आणि पावसात चालतो का?

धुकं दाट असेल तर नाही, कितीही महाग असला तरी. धुक्याचे थेंब लेझर विखुरतात आणि यंत्र कधी धुक्याचंच अंतर दाखवतं. हलक्या पावसात पाऊस गाळण्याचा मोड असलेली यंत्रं बऱ्यापैकी चालतात. धुकं निवळेपर्यंत थांबणं हाच उपाय, आणि सुरक्षितही तेच. निशाणामागं कोण आहे ते दिसत नसताना मारायचंच नाही.

पाण्यापासून बचावासाठी आयपी रेटिंग (धूळ-पाणी किती रोखतं याचा आकडा) पाहा. आयपी५४ म्हणजे शिंतोडे सोसतं. आयपी६७ म्हणजे १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतं. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत मात्र पावसापेक्षा बुरशी वाईट. कापडी पिशवीत कपाटात ठेवलेल्या यंत्राच्या भिंगावर दसऱ्याला जाळी दिसते आणि ती आतल्या बाजूला असली तर पुसता येत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवा. बॅटरी काढून ठेवा.

११. निशाणाऐवजी मधल्या गवताचं अंतर येतं. बिघडलाय का?

नाही. लेझरची रेषा सुतासारखी नसते, पुढं जाताना पसरते. पसरण १ मिलिरेडियन (दर मीटरला १ मिलिमीटर) असेल तर १०० मीटरवर तिचा ठिपका १० सेंटिमीटरचा होतो. त्या ठिपक्यात गवताची काडी आली की तिच्यावरूनही ठोका परत येतो. चढावर हे जास्त घडतं, कारण रेषा जमिनीला घासत वर जाते.

‘लांबचं धर’ असा मोड असेल तर तो लावा. गोल्फच्या यंत्रात बहुधा ‘जवळचं धर’ असतं, कारण त्यांना झाडीपुढचा झेंडा हवा असतो. ‘लांबचं धर’ नसेल तर निशाणाच्या शेजारचं जाड खोड किंवा दगड मोजा. तीनदा मोजून दोनदा सारखा आलेला आकडा घ्या.

१२. आमच्याकडं दरीच्या अलीकडून पलीकडं निशाण आहे. जमीन एवढी खोल, मग किती वजा करायचं?

तुम्ही आणि निशाण एकाच पातळीवर असाल तर शून्य. मधली दरी ३ मीटर खोल असो वा ३०, बाणाला ती दिसत नाही. हिशेब जमिनीच्या उताराचा नसून नजरेच्या रेषेच्या कोनाचा आहे.

डोळा मात्र इथं फसतो. राजहंसगडाच्या कड्यावरून समोर पाहिलं की अंतराचा अंदाज लागत नाही, कारण मध्ये मापायला काहीच नसतं. अंदाजावर मारणाऱ्यासाठी दरी हीच खरी परीक्षा, आणि साधा रेंजफाइंडरही इथं पूर्ण उपयोगाचा.

१३. माझ्याकडे कोन न दाखवणारं जुनं यंत्र आहे. ते टाकून द्यायचं का?

अजिबात नाही. मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्या, मधल्या भोकात दोरा ओवून खाली नट बांधा. झाला ओळंबा. सरळ कड निशाणाकडे धरून तिच्यावरून पाहा. दोरा ९० च्या खुणेपासून जितका सरकेल तितका कोन. दोरा वाचायला शेजारी दुसरं कुणी असेल तर उत्तम. मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲपही चालतं. मग प्रश्न ४ मधले टक्के वजा करा. ते एका कागदावर लिहून धनुष्याच्या दांड्याला चिकटवा. कोनात एक अंश चूक झाली तरी ३० अंशांवर ४० मीटरला फरक अर्ध्या मीटरच्या आत राहतो.

१४. यंत्र बरोबर मोजतंय हे घरी कसं तपासू?

गवंड्याकडची पाण्याची नळी आणि मोजायची लांब फीत आणा. उतारावर दोन खुंट्या ठोका. नळीनं उंचीतला फरक काढा, एका टप्प्यात नळी पुरत नसेल तर टप्प्याटप्प्यानं काढून बेरीज करा. खुंट्यांमधलं तिरकं अंतर २५ मीटर आणि उंची ७ मीटर जमवली, तर आडवं अंतर बरोबर २४ मीटर येतं. यंत्रात तिरके २५, दुरुस्त २४ आणि कोन १६ च्या जवळ दिसायला हवा.

यंत्र आणि निशाण दोन्ही खुंट्यांपासून सारख्या उंचीवर धरा, नाहीतर तुमची स्वतःची उंची हिशेबात शिरते. खालून वर आणि वरून खाली असं दोनदा तपासा. प्रश्न ५ मधली माझी चूक या दहा मिनिटांच्या कामानं टळली असती.

१५. स्पर्धेत नेता येतो का?

जागतिक नियमांनुसार चालणाऱ्या फील्ड तिरंदाजीत अंतर मोजणारं यंत्र चालत नाही. तिथं काही निशाणांची अंतरं लिहिलेली असतात, काहींची नसतात, आणि न लिहिलेली ओळखणं हाच खेळ. एअर रायफलच्या फील्ड टार्गेटमध्येही लेझर वर्ज्य. तिथं दुर्बिणीच्या फोकसवरून अंतर काढतात.

सरावात मात्र याच्यासारखा गुरू नाही. आधी डोळ्यानं अंदाज करा, मोठ्यानं बोला, मग मोजा. दिवसाला वीस झाडं केली तरी महिन्याभरात नजर बसते.

१६. रानडुकरं भात आणि ऊस नासतात. रात्री एअर रायफल आणि रेंजफाइंडर घेऊन बसलो तर?

नको. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, स्वतःच्या शेतात असलात तरी. अपवाद फक्त अधिकृत परवानगीचा, ती कलम ११ खाली अधिकारीच देतात. पीक गेल्याचं दुःख खरं आहे, भीमगड अभयारण्याच्या आसपासच्या गावांत ते दरवर्षी पाहतो. पण वाट वनखात्याकडे भरपाईच्या अर्जाची. शिवाय छऱ्यानं डुक्कर मरत नाही, जखमी होतं आणि माणसावर येतं.

परवान्याबद्दलही विचारतात. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ०.१७७ इंचांपेक्षा मोठी नळी किंवा २० जूलपेक्षा जास्त ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागतो. रेंजफाइंडरनं यात काही बदलत नाही.

१७. लेझरनं डोळ्याला इजा होते का?

यंत्रावर ‘क्लास १’ (लेझरचा सगळ्यात सुरक्षित वर्ग) लिहिलेलं असेल तर नेहमीच्या वापरात होत नाही. तरी लहान मुलांच्या डोळ्यावर रोखू नये आणि त्यातून सूर्याकडे कधीच पाहू नये, तिथं धोका भिंगाचा आहे. क्लास लिहिलेलाच नसेल तर घेऊ नका. बेळगावात कॅम्पच्या बाजूला लष्करी आवाराकडे किंवा सांबऱ्याच्या विमानतळाजवळ विमानाकडेही रोखू नका.

१८. याच यंत्रानं जमीन मोजता येईल का?

कुंपणाच्या तारेचा अंदाज काढायला, हो. बांधाच्या वादाला, नाही. त्याला सरकारी मोजणीच लागते.

१९. मी बांधावर आडवा, एक पाय वर एक पाय खाली असा उभा राहतो. तेव्हा बाण बाजूला जातो. यंत्र काय करेल?

काही नाही. आडव्या उताराला शरीर नकळत कलतं, त्याबरोबर धनुष्य कलतं आणि बाण कलाच्या बाजूला जातो. धनुष्याच्या साइटवरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणा. जमीन पाहू नका, लांबच्या एखाद्या माडाचं खोड उभं धरून बघा.

२०. यंत्र तपासलं, कोन धरला, आडवं अंतरच वापरलं. तरी चढावर बाण चुकतो. का?

आता चूक कमरेत शोधा. सपाटीवर छाती आणि धनुष्य धरलेला हात यांचा काटकोन असतो. वर नेम धरताना बहुतेक जण नुसता हात उचलतात. काटकोन मोडतो, दोरी मागं तेवढी येत नाही आणि बाणाचा वेग बदलतो. उतारावर हात खाली पडतो आणि तेच होतं.

आधी सपाट धरून दोरी पूर्ण ओढा, हनुवटीला नेहमीच्या जागी टेकवा, आणि मग हात तसेच ठेवून कमरेतून वाका. वरच्या निशाणाला मागं, खालच्याला पुढं. पहिले काही दिवस पोटाचे स्नायू दुखतात. दहा मीटरवर, मोठ्या गादीवर सुरुवात करा, आणि शेजारच्याला बाजूनं मोबाइलवर चित्रण करायला सांगा. काटकोन मोडतोय की नाही ते त्यात लगेच दिसतं.